वणीहून गेलेली सिस्टर

“कुठी जाते! सापडन ना.”

पेशंटचा हात आपल्या मांडीवर घेऊन, डोळे अर्धवट मिटून, दोन बोटांनी कोपराची खोबण चाचपत सिस्टर हे म्हणायची. ती पेशंटला धीर देतेय की त्याच्या नसेला दम भरतेय, ते कळायचं नाही. पण नस सापडायची. खाणीतून निवृत्त झालेल्या, हात वाळून गेलेल्या म्हाताऱ्यांची सापडायची, तापानं सुकलेल्या तान्ह्या बाळांचीही सापडायची.

वणीच्या त्या खासगी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन. रक्त काढणं हे खरं म्हणजे माझं काम. पण दोनदा सुई टोचूनही रक्त आलं नाही की मी दारातून डोकं बाहेर काढून “सिस्टर” एवढंच म्हणायचो. तीन-चार सिस्टर होत्या, पण नुसतं “सिस्टर” म्हटलं की ती एकच. दवाखान्यात तुम्हीही अशी एखादी पाहिली असेल. डॉक्टर राउंडला आले की लोक उठून उभे राहतात आणि ती आली की निवांत होतात.

सिस्टर मूळची पुसदकडच्या एका बंजारा तांड्यावरची. नवरा कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर, म्हणून बिऱ्हाड वणीत. थोरली मुलगी सातवीत, धाकटा मुलगा दुसरीत. घरात गोरबोली, शेजारी वऱ्हाडी, दवाखान्यात हिंदी, आणि डॉक्टरांच्या कागदावर इंग्रजी. चार भाषा ती चपला बदलाव्या तशा बदलायची. तिला पाचवी शिकायची आहे हे मला कळलं तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती.

झालं असं, की नर्सिंगला तिच्यासोबत असलेल्या एका मैत्रिणीचा जर्मनीहून फोन आला. तिथं नर्स हव्या आहेत, भाषा शिकून घे, परीक्षा दे, घरच्यांनाही मागून नेता येतं. सिस्टरनं आठ दिवस कोणाला काही सांगितलं नाही. नवव्या दिवशी दुपारी लॅबमध्ये आली, दार लोटलं आणि म्हणाली, “भाऊ, तुमच्या खोलीत दुपारी कोनी येत नाही ना? मले बसू द्याल?”

त्या दिवसापासून दुपारची तिची अर्ध्या तासाची सुट्टी माझ्या लॅबमध्ये जाऊ लागली. संध्याकाळी मोबाइलवर क्लास, दुपारी घोकंपट्टी. पाठांतरासाठी तिनं वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवल्या. खिडकी, दार, घड्याळ, सगळ्यांची जर्मन नावं, देवनागरीत. फ्रिजवर ‘क्यूलश्रांक’ लिहिलेली चिठ्ठी अजून आहे, मी काढू दिली नाही. खुर्चीला जर्मनमध्ये श्टूल म्हणतात. तिनं तशी चिठ्ठी खुर्चीच्या पाठीवर लावली. मी जेवून परत आलो तर मारेगावकडचे एक आजोबा शौचाच्या तपासणीची डबी खुर्चीवर नीट मधोमध ठेवून बाजूला उभे. “लिवलं हाये ना तथी, ‘स्टूल’. मंग तथीच ठुली.” त्यांनी अगदी शिस्तीत केलं होतं. सिस्टर पोट धरून हसली आणि ती एवढी चिठ्ठी मात्र निघाली.

एकदा मी मोठ्या उत्साहात म्हटलं, “सिस्टर, तुमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर माल लादून मुलुखभर फिरायचे. तुमच्या रक्तातच आहे हे.”

तिनं वहीतून मान वर केली नाही. “ते मीठ घेऊन जात, भाऊ. त्यायले कोनी व्याकरन नाही विचारलं.”

परीक्षा पुण्याला होती. पहिल्या वेळी वाचन निघालं, लेखन निघालं, ऐकणं निघालं. बोलण्यात ती नापास झाली. निकाल मोबाइलवर आला तेव्हा ती ड्युटीवर होती. लॅबमध्ये येऊन मला दाखवला आणि हसायला लागली. “पाहा ना! अख्ख्या दवाखान्यात सगळ्यात जास्त मीच बोलते, अन् बोलन्यातच फेल!” मग बेसिनकडे वळली आणि बराच वेळ हात धूत राहिली. नळ चालूच होता. मी मशीनमध्ये उगाच काहीतरी शोधत बसलो.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “बोलाले मानूस पायजे समोर. भिताडाशी बोलून होत नाही. भाऊ, तुम्ही बसा.”

“मला काय समजणार त्यातलं?”

“समजाचं कायले? तुम्ही फक्त मान हालवा.”

आणि मी मान हलवली. चार महिने, रोज दुपारी वीस मिनिटं. ती माझ्यासमोर बसून जर्मन बोलायची आणि मी, ज्याला त्या भाषेतलं नमस्कारापलीकडे काही येत नव्हतं, गंभीर चेहऱ्यानं “या, या”, म्हणजे “हो, हो”, म्हणायचो. सुरुवातीला दर वाक्यात अडखळायची. शब्द आठवला नाही की डोळे अर्धवट मिटायचे, बोटं टेबलावर चाचपायची. “कुठी जाते!” म्हणायची, आणि शब्द सापडायचा. पुढं पुढं वाक्यं लांबत गेली.

एका दुपारी ती न थांबता खूप वेळ बोलली. आवाज खाली आला. मधेच थांबली आणि ओढणीनं डोळे पुसले. मी घाबरून विचारलं, काय झालं?

“काही नाही. याडीबद्दल सांगून राह्यली होती.”

याडी म्हणजे आई. सासूलाही ती याडीच म्हणायची. तिला स्वतःची आई आठवत नव्हती. तिला नर्सिंगला घातलं ते याच सासूनं, लग्नानंतर, तांड्यातल्या लोकांचं ऐकून न घेता. आता त्या बाईला मागं ठेवून जायचं होतं. जे कोणाजवळ बोलता येत नव्हतं, ते तिनं मला सांगून टाकलं, मला एक अक्षर कळणार नाही याची खात्री होती म्हणून.

दुसऱ्या वेळी ती पास झाली.

घरात बोलणी झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं, म्हातारी सासू अडवणार. म्हातारी तांड्यावरून पिशवी घेऊन वणीत राहायलाच आली. सुनेला म्हणाली, “पोरायले मी पाहीन. तू जाय. पन तथी जाऊन भांडे घासत बसू नको, जे शिकली तेच कर.”

पण नेमकं तेच तिथं लगेच करता येईना. जर्मनीच्या पूर्वेकडच्या एका लहान शहरातल्या हॉस्पिटलात ती रुजू झाली, तर तिथला नियम असा, की इथली पदवी तपासून, तिथली परीक्षा पास होईपर्यंत मदतनीस म्हणूनच राहायचं. बिछाने बदलायचे, म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, जेवण भरवायचं. सुईला हात लावायचा नाही. पंधरा वर्षं जिच्या बोटांवर अर्धी वणी विसंबून होती, तिनं सुईला हात लावायचा नाही! तिचा आवाज रविवारी फोनवर यायचा. थंडी, एकटेपण, दुपारी चारलाच पडणारा अंधार, सगळं ती हसत सांगायची. सुईचं सांगताना हसायची नाही.

मग एके दिवशी तिच्या वॉर्डात एका वृद्ध बाईला सलाईन लावायचं होतं. तरुण डॉक्टरला नस सापडेना. तीनदा टोचलं. बाई विव्हळू लागली. सिस्टर पलंगाच्या या बाजूला चादर धरून उभी. शेवटी तिच्यानं राहवेना. म्हणाली, हात आधी गरम कपड्यात गुंडाळा, आणि वरून नाही, अंगठ्याच्या बाजूनं पाहा, इथं आहे. डॉक्टरनं तिच्याकडं पाहिलं आणि सुई तिच्याच पुढं केली. तूच लाव.

“मंग?” मी फोनवर जवळजवळ ओरडलो.

“मंग काय. मी हात मागं घेतला. म्हनलं, कागद आल्याबिगर नाही. पन जागेवर बोट ठेवून दाखवलं. त्यानं लावली. लागली.”

“सिस्टर, लावून टाकायची होती!”

“नाही भाऊ. मी काय चोरून नर्स होऊ काय? परीक्षा देऊन होईन.”

आणि झाली. दहाव्या महिन्यात परीक्षा दिली, कागद हातात आला. तो कागद तिनं मला पाठवला नाही. त्या दिवशी लावलेल्या पहिल्या सुईच्या ट्रेचा फोटो पाठवला.

नवरा आणि मुलं चौदा महिन्यांनी गेली. म्हातारीनं जाताना त्यांच्यासोबत ज्वारीचं पीठ दिलं आणि स्वतः आपल्या दुसऱ्या मुलाकडं तांड्यावर परत गेली. आता खरी सिस्टरची परीक्षा सुरू झाली, आणि हिच्यासाठी कुठला क्लास नव्हता.

नवरा मोठा हौशी माणूस. जर्मनीत उतरून त्या शहराकडं जाताना रेल्वेच्या खिडकीतून त्याला दूरवर उघडी कोळसा खाण दिसली आणि त्यानं तिथूनच मला फोन केला. “भाऊ, इथंबी कोयसा हाये! वनीच समजा!” पण चौकशी केली तर तिथला कोळसा लांबच लांब पट्ट्यांवरून सरकत जातो. ट्रकच नाहीत. आणि असते तरी वणीचं लायसन्स तिथं चालत नव्हतं. चंद्रपूरच्या रस्त्यावर ज्याच्या ट्रकला लोक ओळखून हात करायचे, तो माणूस हॉस्पिटलच्या किचनमध्ये ताटांची ट्रॉली ढकलू लागला.

थोरलीनं तर शाळेत तोंडच उघडलं नाही. वणीत वर्गात पहिल्या तिघांत असायची. तिथं तीन महिने एक शब्द नाही. शिक्षकांनी बोलावून विचारलं, मुलीला ऐकू येतं ना? धाकट्यानं मात्र आठ दिवसांत मित्र जमवले. त्याला भाषा नको होती, फुटबॉल पुरेसा होता.

एका रविवारी नवऱ्याचा फोन आला. तो एकटाच होता. म्हणाला, “भाऊ, इथं लोक लई चांगले हायेत. कोनी ‘बाजू हो’ बी म्हनत नाही. पन मी कोन हाओ इथं? बायको सिस्टर हाये. मी कोन हाओ?” पुढं म्हणाला, “मी परत येऊन राह्यलो.”

मी सिस्टरला कळवलं. तिला माहीत होतं. तिनं ना विनवण्या केल्या ना भांडली. नवऱ्याला एवढंच म्हणाली, “जाय. पन गाडीवाला म्हनून जाय, ट्रॉलीवाला म्हनून नको जाऊ. लायसन काढ, मंग जाय.”

शहरातल्या बस कंपनीला ड्रायव्हर हवे होते, शिकवायलाही ते तयार होते. पण आधी लेखी परीक्षा. नियम, खुणा, शेकडो प्रश्न. दहावीनंतर पुस्तक न उघडलेला माणूस पहिल्यांदा नापास झाला, दुसऱ्यांदाही झाला. सिस्टरची ड्युटी पाळीची. शिकवणार कोण? एका संध्याकाळी तिनं प्रश्नांचं पुस्तक थोरलीपुढं ठेवलं. “बापूले वाचून दाखव. मोठ्यानं. समजावून सांग.”

“मला नाही येत.”

“त्यालेबी नाही येत. दोघं मिळून पाहा.”

घरात शाळेसारखी लाज नव्हती. मुलगी मोठ्यानं वाचू लागली. बाप चुकीचं उत्तर द्यायचा, ती चिडायची, आणि चिडून जर्मनमध्येच बोलायची. बाप उलट जर्मनमध्येच वाद घालायचा, कारण रस्त्याबद्दल त्याला कोणी शिकवलेलं आवडत नसे. स्वयंपाकघरातून सिस्टर ऐकायची आणि मधे पडायची नाही. दोन महिन्यांत मुलीचा आवाज बसला इतकं ती बोलली. मग एक दिवस शाळेत तिनं हात वर केला. शिक्षिका दचकल्या म्हणे. बाप तिसऱ्या वेळी लेखी पास झाला. पुढं गाडीचं लायसन्स, मग बसचं, त्यात आणखी वर्ष गेलं. परत जायचं बोलणं या काळात कधी बंद झालं, ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सिस्टरचा फोन आला. मी लॅबमध्ये नव्हतो, घरी भाजी निवडत होतो. “भाऊ, बसले काय? बसा.”

आदल्या दिवशी नवरा पहिल्यांदा एकटा बस घेऊन निघाला होता. निळा कोट, टाय. टाय मुलीनं बांधून दिला होता. त्यानं घरी बजावलं होतं, कोणी यायचं नाही, माझं लक्ष उडेल. हे तिघं अर्थातच गेले. दोन स्टॉप पुढं जाऊन थंडीत उभे राहिले. बस आली, दार उघडलं. हे इतर लोकांमागं ओळीत उभे. तो प्रत्येकाला “गूटन मॉर्गन” म्हणत होता. सिस्टर समोर आली. तिनं पास दाखवला. त्यानं तिच्याकडं पाहिलं, पासकडं पाहिलं, आणि तसंच म्हणाला, “गूटन मॉर्गन.” तीही म्हणाली, “गूटन मॉर्गन.” आणि तिघं मागं जाऊन बसले.

“बोलला नाही काही?”

“ड्रायव्हरशी बोलाचं नाही, असं लिवलं हाये तथी.”

बर्फ पडलेला होता. बस पुलावरून गेली, शाळेवरून गेली, तिच्या हॉस्पिटलसमोर थांबली. काठी टेकत एक आजी उतरताना त्याला काहीतरी बोलल्या, तो हसला. धाकट्याला उठून सगळ्यांना सांगायचं होतं की हा माझा बाप आहे. सिस्टरनं त्याचा हात दाबून धरला होता. शेवटचा स्टॉप आला. सगळे उतरले, हे तिघं बसलेलेच. तेव्हा त्यानं आरशातून मागं पाहिलं, माइक तोंडाशी घेतला, आणि तीनच माणसं उरलेल्या त्या बसमध्ये, थोरलीनं शिकवलेल्या स्पष्ट उच्चारात जाहीर केलं, की ही बस इथंच संपते, सर्व प्रवाशांनी कृपया उतरावं.

“मंग?”

“मंग उतरलो, भाऊ. नियम म्हनजे नियम.” ती हसत होती. “उतरून तिघं ओळीनं फुटपाथवर उभे राह्यलो. बस वळून दिसेनाशी होईपर्यंत हात हालवले.”

“आणि तो?”

“त्यानं कायले हालवावा? ड्युटीवर होता ना तो.”