आप्पांना वाट दिली नाही

माझे थोरले चुलते नौदलात अधिकारी होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. निवृत्त होऊन येळ्ळूरला आले, निवडणुकीला उभे राहिले आणि तालुका पंचायतीचे अध्यक्ष झाले. तालुकाही बोटीसारखा चालावा, असं त्यांना वाटे. बैठकीला उशीर झाला की माणूस बाहेर उभा. पहिल्या वर्षी मला त्यांचा अभिमानच होता.

मग जोडरस्त्याचं काम निघालं. तो आमच्या भाताच्या शेतातून जाणार होता. बाबा त्यांच्याकडे गेले, मी सोबत होते. आप्पांनी सख्ख्या भावाला व्हरांड्यातच थांबवलं.

"आप्पा, भात पिकायला आलंय. तेवढं कापून घेतो, मग घाला मशीन," बाबा म्हणाले.

"हुकूम झालाय. तुला सूट दिली तर उद्या समदे दारात येतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीननं लोंब्यांसकट भात चिखलात दाबलं. बाबा बांधावर बसून बघत राहिले. त्यानंतर ते शेताकडे फिरकले नाहीत, आणि त्याच हिवाळ्यात गेले. आप्पा खांदा द्यायला सगळ्यांत पुढे आले. साऱ्या गावासमोर मी त्यांचा हात तिरडीवरून काढला.

"तुम्ही न्हाय," म्हटलं.

त्यांची मुदत संपली. शेताच्या उरलेल्या तुकड्यामागं त्यांचा नवा बंगला होता आणि त्याची गाडीवाट आमच्या जमिनीतून, नुसत्या तोंडी बोलीवर. मी ती नांगरली आणि तारेचं कुंपण घातलं. आप्पा आले. पांढरा सदरा, पाठ अजून ताठ.

"वाट सोड गं. घरचीच हायस तू."

"सरकारी रस्ता हाय की तिकडं. तुम्हीच केलाय."

"लई लांबून यावं लागतंय."

"मग लवकर निघत जावा."

आई म्हणाली, "म्हातारं माणूस हाय, जाऊ दे." मी तार काढली नाही. पावसाळाभर आप्पा गाडी सरकारी रस्त्यावर ठेवून ओढ्याकाठच्या चिखलातून जा-ये करत होते. अखेर बंगला विकून मुलाकडे पुण्याला निघाले. टेम्पो दारापर्यंत येईना, म्हणून हमालांनी सामान डोक्यावरून नेलं. आईनं मला दोनदा हाक मारली. शेवटचं कपाट वळणाआड जाईपर्यंत मी तारेपाशी उभी होते. बरं वाटलं. अजूनही वाटतं.