स्वेटरवालीचा कोपरा

मैदानाच्या मालकानं स्वेटर विकणाऱ्या तिबेटी बाईला फसवलं. तिच्या वतीनं सौदा मी केला होता, म्हणजे त्यानं मलाही फसवलं.

दर थंडीला ती कर्नाटकातल्या निर्वासितांच्या वसाहतीतून कोल्हापुरात येते. तिचा जन्म त्या वसाहतीतलाच. आईवडिलांचा देश तिनं पाहिलेला नाही. मी सीमेवरच्या गडहिंग्लजकडचा, कानडी येणारा, हमाली करत करत गुळाचा व्यापारी झालेला. माझ्याशी ती कानडीत बोलते, मला अण्णा म्हणते. सकाळच्या धुक्यात तिच्या दोरीवरची लोकर आधी दिसायची, माणसं नंतर. लाल, निळे, मोरपंखी रंग नुसतेच हवेत तरंगत असायचे. तिथं उभा राहिलो की आपण कुठल्या गावात आहोत, हेच मी विसरायचो. तीही दूर बघत बसलेली असायची, धुक्यापलीकडे तिचे डोंगर असावेत तशी.

यंदा तिला मैदानाचा कोपरा हवा होता. बाजूच्याला दर कळू नये म्हणून गुळाच्या सौद्यात आम्ही रुमालाखाली बोटं दाबून दर सांगतो. तसंच मालकाचा हात धरून मी भाडं ठरवलं. संक्रांतीपर्यंत जागा तिची. आमच्या बाजारात असा हात दिलेला माणूस मागं फिरत नाही.

भर हंगामात मालकानं तो कोपरा मेहुण्याला दिला आणि तिची गाठोडी रस्त्यावर काढली. मी धावत गेलो. चार लोक जमले होते.

"सौदा झालाय न्हवं आपला?"

"कसला सौदा? कुणी बघितला?" मालक हसला. "आणि पावणं, तुमास्नी एवढा कळवळा कशाचा? कुठली कोण बाई. तिचं हितं कोण हाय?"

"मी हाय की! हात माझा धरलावता, तिचा न्हाय!"

माझा आवाज चढत होता. ती मात्र धूळ झटकून एकेक स्वेटर घडी करत होती, जणू हे दुसऱ्याच कुणाच्या स्वप्नात चाललं होतं. मग कानडीत हळूच म्हणाली, "अण्णा, ओरडू नका. आम्हाला उठायची सवय आहे."

दुकानात परतलो तरी गुळाच्या ढेपांमधून मला तेच ऐकू येत राहिलं. ही सवय लावली कुणी?

आता ती पलीकडे, गटाराच्या कडेला बसते. गिऱ्हाईक तिकडं फिरकत नाही. मालक, तुम्ही चार लोकांसमोर तिला कुठली कोण म्हणालात. त्याच लोकांसमोर, तिच्या डोळ्यांत बघून सांगा, तिला का उठवलंत? मी रोज येऊन विचारणार आहे. उत्तर द्या.