सांगितलेली खोड

भाव करण्यात मी कोणाला हार जात नाही, हे आधीच सांगून टाकते. अमरावतीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. गेली बावीस वर्षं रोज पंधरा-वीस बाया माझ्याशी शिलाईवरून हुज्जत घालतात, आणि शेवटी मी सांगितलेलेच पैसे देऊन, वर पुढच्या लग्नाचं कामही माझ्याकडेच टाकून जातात. त्यामुळे जुनी गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा दलाल नको, थेट मालकाकडूनच घेऊ, असं मी छातीठोकपणे घरात जाहीर केलं. घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे बाबा. म्हणजे जाहीर केलं ते त्यांच्यापुढेच.

गाडी हवी होती तीही त्यांच्यासाठीच. भातकुलीच्या पुढे आमचं सहा एकर वावर आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून बाबांचा पाय पूर्ण दुमडत नाही. माझ्या स्कूटीवर मागे बसता येत नाही, एसटीची पायरी चढवत नाही, आणि ऑटोवाला डांबरी रस्ता संपला की पुढे यायला तयार नसतो. वावर बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसायला, दिलेलं होतं. तो बटईदार भला माणूस, आठवड्याला फोनवर फोटो पाठवायचा. बाबा फोटो बोटांनी मोठा करून बघायचे आणि फोन मला परत द्यायचे. "फोटोत माती समजत नाई," एवढंच म्हणायचे. दीड वर्ष त्यांनी आपल्या बांधावर पाय ठेवला नव्हता. तक्रार एका शब्दाने केली नाही, पण तो फोन परत देताना त्यांचा चेहरा मला बघवत नसे.

मी सव्वादोन लाखांची हद्द घातली. गल्लीतल्या गॅरेजवाल्याकडून धडे घेतले आणि ते मापाच्या वहीत, कोणाच्या तरी बाहीच्या मापाखाली, लिहून ठेवले. इंजिन थंड असतानाच गाडी सुरू करून बघायची. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, त्यात टायर कोणत्या वर्षी बनला ते कळतं. पत्र्यावर लोहचुंबक फिरवायचा, जिथे चिकटणार नाही तिथे गाडी ठोकली होती आणि वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आहे असं समजायचं. फ्रिजवरचा केळीच्या घडाचा चुंबक मी काढून रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला.

चार गाड्या फोनवरच नापास केल्या. पाचवी अकोल्याची निघाली. नऊ वर्षांची, पांढरी, छोटी, एकाच मालकाने वापरलेली. मालक निवृत्त वकील. भाव दोन लाख साठ हजार. वकील म्हटल्यावर माझ्या अंगात जोरच आला. बोलून पैसे कमावणाऱ्या माणसाशी दोन हात करायची संधी मला रोज कुठे मिळते?

ज्याला बसायचं त्याला सीट झेपली पाहिजे, म्हणून बाबांना सोबत नेणं भागच होतं. जाण्यायेण्यापुरती एक गाडी भाड्याने ठरवली. मूर्तिजापूर येईपर्यंत मी त्यांना एकच गोष्ट बजावत होते.

"बाबा, आज कोणालेच गाव इचारायचं नाई."

"कावून?"

"तुमी गाव इचारता, मंग त्याची मावशी आपल्या काकाची सोयरी निंगते, मंग जेवाचा आग्रह होते. सोयऱ्याशी भाव कसा कराचा?"

बाबांना हे पटलं नाही, पण त्यांनी मान हलवली. तोंडाला कुलूप लावतो, असं खुणेने दाखवलं.

वकीलसाहेबांचं घर शोधायला वेळ लागला नाही. अंगणात गाडी उभी होती. नमस्कार झाल्याबरोबर मी पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवला. गरम! फोनवर मी तीनदा सांगितलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका.

"सकाळी दूध आणायला गेलो होतो हो," वकील म्हणाले.

"बरं. मग आम्ही दीड तासाने येतो, थंड झाल्यावर," मी म्हणाले आणि बाबांना घेऊन खरंच निघून गेले. कोपऱ्यावरच्या हॉटेलात आम्ही आलुबोंडे खाल्ले, दोनदा चहा घेतला. माझी खात्री होती की ही गाडी थंड असताना खोकणार. परत आलो, मी किल्ली फिरवली, आणि ती पहिल्या झटक्यात सुरू झाली. वकीलसाहेबांनी माझ्याकडे बघून फक्त चष्मा पुसला. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

पण पुढे मी वसूल केलं. टायरचे आकडे वाचले, सहा वर्षं जुने. उजव्या बाजूच्या पत्र्यावर केळीचा घड दोन ठिकाणी घसरला. "इथे ठोकली होती," मी म्हणाले. "खांबाला. हळूच," ते म्हणाले. विमा दोन महिन्यांत संपत होता. मी प्रत्येक गोष्ट मापाच्या वहीत लिहीत होते, अगदी त्यांना दिसेल अशी. वकिलांची बायको, साठीपलीकडच्या काकू, ओट्यावर बसून हे सगळं मजेने बघत होत्या.

मग चक्कर मारली. मी चालवायला, बाबा शेजारी, वकील मागे. सीट बाबांना मानवली. पाय लांब करता आला. परत येऊन गाडी थांबवली तर वकीलसाहेब मागून लगबगीने उतरले, पुढे येऊन बाबांसाठी दार उघडलं आणि बाजूला उभे राहिले. मी मनात म्हटलं, गिऱ्हाइकाला पटवायची ही जुनीच तऱ्हा आहे. मीसुद्धा नव्या नवरीच्या आईला खुर्ची पुसून देते.

ओट्यावर चहा आला आणि सौदा सुरू झाला. दोन साठवरून त्यांना खाली आणायला मला तासभर लागला. माणूस मुरलेला होता. मी टायर काढले की ते वेळेवर केलेलं सर्व्हिसिंग काढायचे. मी पत्रा काढला की ते गाडी किती कमी फिरली ते काढायचे. एकदा ते म्हणाले, "ताई, तुम्ही चुकीच्या धंद्यात आहात." मी म्हणाले, "ब्लाउज बिघडला तर अपील नसतं, वकीलसाहेब." काकू मोठ्याने हसल्या. त्या हसण्यात पाच हजार उतरले असावेत. शेवटी ते दोन तीसवर आले आणि थांबले. माझ्या हद्दीपेक्षा पाच हजार जास्त. पण गाडी मनात भरली होती, आणि लग्नसराईच्या कामातून तेवढे निघणार होते. मी हो म्हणाले. पर्समधून विसाराची पाचशेची नोट काढली.

तेव्हा बाबांनी तोंड उघडलं. त्या अंगणात आल्यापासून पहिल्यांदाच.

"वकीलसाहेब, आता खोड सांगा."

"खोड?"

"आमच्या बैलाच्या बजारातली रीत आहे. भाव ठरला का इसार द्याच्या आंधी घेणारा इचारते, याची खोड काय? इकणारा सांगते. लाथ मारते, पाण्याले बुजते, जे असन ते. सांगतली नाई अन् मंग निंगाली, तं बैल वापस."

मला हसू आलं. चुंबक, आकडे, थंड इंजिन असं सगळं मी करून बसले होते, आणि बाबा एका वकिलाला तूच आपली चूक सांग म्हणत होते. पण वकील हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला. काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "सांगा ना."

"चाळीस वर्षं वकिली केली," ते म्हणाले, "समोरच्या पक्षाला आपणहून पुरावा कधी दिला नाही. क्लच जायला आलाय. मेकॅनिक म्हणाला, अजून दोन-तीन महिने चालेल. दहा-अकरा हजारांचं काम आहे. आणि डावीकडचं पुढचं दार आतून उघडत नाही. बाहेरूनच उघडावं लागतं."

दार! म्हणजे ते नम्रतेने उतरलेच नव्हते. तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्यावरचा राग कमी आणि स्वतःवरचा जास्त. चालवताना क्लच वरच सुटतोय हे माझ्या पायाला जाणवलं होतं, पण अनोळखी गाडी म्हणून मी ते सोडून दिलं होतं. मी नोट पर्समध्ये परत टाकली.

"मग दोन अठरा," मी म्हणाले. "अकरा क्लचचे, एक दाराचा."

"नाई," बाबा म्हणाले. "दोन तीसच."

"बाबा, तुमी कोणाच्या बाजूनं बोलून राह्यले?"

"हे पाह्य बाई. टायर तू धुंडून काडले, पत्रा तू धुंडून काडला, ते तुई कमाई. तेचे पैसे तू काप. पण हे त्यानं आपल्या तोंडानं सांगतलं. सांगतल्या खोडीचे पैसे कापाचे नसतात. कापले तं उद्या कोणी खोड सांगन काय?"

माझ्याकडे उत्तरं चिक्कार होती. हा काही बैल नाही, अकरा हजार माझे जाणार आहेत, कमरेचा पट्टा बांधून मशीनवर मी बसते. पण बाबा परक्या माणसांसमोर मला कधीच अडवत नाहीत. त्या दिवशी अडवलं, म्हणजे त्यांच्या दृष्टीने काहीतरी मोठं पणाला लागलं होतं. त्यांचंच वावर होतं, त्यांचाच पाय होता, आणि तरी गाडी हातची गेली तर जाऊ दे म्हणायला ते तयार होते. ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं आणि मी मनातल्या मनात चरफडत पुन्हा पाचशेची नोट बाहेर काढली.

ती नोट वकिलांनी घेतली नाही. ते उठून आत गेले. आम्हाला वाटलं, बिनसलं. आतून त्यांचा फोनवर बोलण्याचा आवाज येऊ लागला. बाहेर येऊन ते बाबांना म्हणाले, "परवापर्यंत क्लच बदलून होईल. माझ्या खर्चाने. माझ्या तोंडून वदवून घेतलंत, आणि वर त्याचे पैसेही कापत नाही म्हणता. मग मी काय तसाच देऊ?"

"आणि दार?" मी लगेच विचारलं. सवय जात नाही.

"दाराला हात लावायचा नाही," हे काकू म्हणाल्या. "पाच वर्षांपूर्वी बिघडलं, मीच दुरुस्त करू दिलं नाही. संसाराला पस्तीस वर्षं झाली तेव्हा हा माणूस पहिल्यांदा माझ्यासाठी दार उघडायला खाली उतरला. तोही कुलूप बिघडलं म्हणून! तुम्हाला करायचं तर तुम्ही करा, या अंगणात नाही."

वकीलसाहेब पुन्हा चष्मा पुसायला लागले. बाबांनी विसार त्यांच्या हातात ठेवला, आणि मग माझ्याकडे बघून, परवानगी मागितल्यासारखं, विचारलं, "आता इचारू काय?" मी हात जोडले. "वकीलसाहेब, मूळ गाव कोन्तं तुमचं?" अकोटजवळचं निघालं. सोयरं कोणी निघालं नाही, पण जेवण चुकलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी एसटीने अकोल्याला गेले, उरलेले पैसे दिले, नावबदलीच्या कागदांवर सह्या घेतल्या आणि गाडी स्वतः चालवत अमरावतीला आणली. क्लच लोण्यासारखा होता. गॅरेजवाल्याने गाडी उलटसुलट तपासली आणि म्हणाला, "ताई, बरोबर भावात पडली." दार तो अर्ध्या तासात करून देणार होता. मी म्हटलं रविवारनंतर बघू.

रविवारी बाबांना घेऊन भातकुलीला निघाले. थंडीचे दिवस, वाट वाळलेली, दोन्हीकडे तूर शेंगांवर आलेली. डांबरी रस्ता संपला तरी आम्ही पुढे जात राहिलो. गाडी बांधाला लावली. बटईदार समोरच उभा होता. मी उतरले आणि नेहमीच्या घाईत तरातरा त्याच्याकडे चालू लागले. दहा पावलांवर त्याने विचारलं, "बुढे बाबा नाई आले काय?"

मी मागे वळले. बाबा बंद काचेच्या आत शांत बसले होते. हाक नाही, काचेवर टकटक नाही. दीड वर्ष फोटो बघितला तसेच वावर बघत होते. मी धावत गेले आणि दार उघडलं.

"बाबा, आवाज कावून नाई दिला?"

"येशीनच तू, मले मालूम होतं."

दार उघडून उभी होते म्हणून माझा हात त्यांच्यापुढे आलाच. त्यांनी तो धरला. मग ऑपरेशनचा पाय खाली ठेवला, मग दुसरा. जमीन उंचसखल होती, त्यांचा सगळा भार माझ्या मनगटावर आला. या माणसाने मला कधी हात दे म्हटलेलं नाही. दवाखान्यातही भिंत धरून चालले. दार आतून उघडत असतं तर ते एकटेच उतरायला गेले असते, मी दहा पावलं पुढे असते, आणि ते पडले असते. हे मला त्या क्षणी लख्ख कळलं.

त्यांनी वाकता येईल तेवढं वाकून एक ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं. माझा हात अजून सोडला नव्हता.

"फोन लाव त्या वकिलाले," ते म्हणाले. "सांग त्याले, खोड कामाची निंगाली."