बोललेलं वजन

मोईन नदाफ हवाई दलात वीस वर्षं होते म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, "पायलट?" मोईनभाई शांतपणे सांगतात, "न्हाय, सामान बांधायचो." याचा मला भयंकर राग येतो. कमांडोंच्या तुकड्या नेणाऱ्या भल्यामोठ्या विमानाचे ते लोडमास्टर होते. कुठलं खोकं कुठं बांधायचं, कुठला माणूस कुठं बसवायचा, सगळं त्यांच्या शब्दावर. चुकलं तर विमानाचा तोलच जायचा. वडील पीरसाब मार्केट यार्डात ट्रकवर पोती रचायचे आणि पोतं नुसतं हलवून वजन सांगायचे. मुलाचा मात्र बोललेल्या वजनावर काडीचा विश्वास नाही. आधी काट्यावर चढा, मग बोला.

विमानातलं दुःख ते एकदाच बोलले. "बारा कमांडोंना खाली उतरवायचं आन् आपण रिकामं विमान घेऊन परत यायचं. कीर्ती, त्या रिकाम्या जागांकडं बघवत न्हाय."

निवृत्त होऊन सोलापूरला आल्यावर त्यांनी पुरातून माणसं काढायला आमची टोळी उभी केली. टोळी कसली, पाच माणसं! "पाचाच्या वर गेलं की मिटिंगा सुरू होतात," असं त्यांचं म्हणणं. दर रविवारी तलावावर सराव. प्रत्येकाला दुसऱ्याचं काम आलंच पाहिजे, म्हणून जागा सारख्या बदलायच्या. मधेच ते "मी मेलो" असं जाहीर करून काठावर चहा पीत बसायचे आणि आम्ही बोटीत एकमेकांवर खेकसायचो. बोटीत चढण्याआधी भंगारवाल्याकडून आणलेल्या काट्यावर उभं राहायचं आणि टोळीतल्या सिदूनं आकडा मार्करनं जॅकेटवर, छातीवर लिहायचा. बोटीत माणसं जास्त झाली तर टोळीतला सगळ्यात जड माणूस उतरून मागं थांबणार, हा नियमही त्यांचाच.

गेल्या पावसाळ्यात सीना नदीला पूर आला. एका वस्तीवर रावसाहेब, त्यांची बायको पारूबाई, मुलगा, सून आणि नातू असे पाच जण स्लॅबवर अडकले होते. बोट घेऊन मोईनभाई, टेम्पोवाला गुरप्पा आणि मी पोचलो. पाणी स्लॅबच्या दोन वीत खाली होतं.

"आमी समदे एकदमच येनार," रावसाहेब म्हणाले. "कुनी मागं ऱ्हानार न्हाय."

मोईनभाईंनी एकेकाला काखेत धरून जरासं उचलून पाहिलं, अगदी पीरसाबांसारखं. "तीनशे धर," ते मला म्हणाले. बोटीला साडेचारशे किलोच झेपायचे. मी पंचावन्न, गुरप्पा अठ्ठ्याहत्तर. "तुमचे किती?" मी विचारलं. ते छातीवर हात ठेवून उभे होते. "ऐंशी."

मी शाळेत गणित शिकवते, बेरजेला वेळ लागला नाही. त्रेसष्ट किलो जास्त. मी उतरून भागत नव्हतं. नियमानं सगळ्यात जड माणूस मोईनभाई. ते स्लॅबवर उभे राहून म्हणाले, "बोटीतली माझी जागा आता तुझी. जा." गुरप्पानं इंजिन ओढलं.

जाताना मी एकदाही मागं पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर बोट वळवायला लावली असती. पाच माणसं काठावर सिदूच्या हवाली केली आणि आम्ही परत फिरलो. अर्ध्या तासात स्लॅब दिसेनासा झाला होता. मोईनभाई स्लॅबवरच्या टाकीच्या पाइपला मिठी मारून कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. आम्ही दोघांनी त्यांना ओढून आत घेतलं तेव्हा त्यांच्या छातीवरचा आकडा मला दिसला. एकाहत्तर.

काठावर पोचताच मी काटा पुढं ओढला. तिथं सगळ्यांसमोर म्हटलं, "मोईनभाई, काट्यावर चढा."

ते निमूट चढले. ओल्या कपड्यांसकट चौऱ्याहत्तर.

"खोटं बोललात! नियमानं गुरप्पा थांबायला हवा होता."

"व्हय, बोललो," ते म्हणाले. त्यांचे ओठ थंडीनं निळे पडले होते. "पुन्हा एकदा माणूस मागं सोडून परत जायचं माझ्यानं झालं नसतं." मग माझ्याकडे बघून ते हसले. "पण तू गणिताची बाई. माझा हात उचलून बघायचास की."

रागानं मला रडू फुटलं. गुरप्पा तोंड फिरवून उगाच दोर गुंडाळत बसला.

आता बोट सुटण्याआधी प्रत्येकाच्या छातीवरचा आकडा मी स्वतः वाचते. मोईनभाईंचा हात तिथं असला तर तो बाजूला करते. आणि परतीच्या खेपेला सगळ्यांआधी त्यांना बोटीत बसवते.