कपाटाबाहेरची शेळी

मी लहान मुलांसाठी गोष्टी लिहितो आणि त्यांची चित्रंही स्वतःच काढतो. हे ऐकल्यावर आमच्या सोलापूरच्या शुक्रवार पेठेतले लोक एकच विचारतात, "ते ठीक, पण करता काय?" लग्न ठरताना मी सासऱ्यांना 'छपाईच्या लायनीत आहे' असं सांगितलं, तेव्हा कुठे मुलगी मिळाली.

सत्कार मात्र भरपूर झाले. सोलापुरात सत्काराला चादर देतात. आमच्याकडे मुक्कामाला आलेला पाहुणा माझी साहित्यसेवाच अंथरतो आणि पांघरतो. राहिलं होतं ते एवढंच, की माझं पुस्तक वाचणारं एकही मूल मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मोठी माणसं ती पुस्तकं विकत घेतात आणि दुसऱ्याच्या वाढदिवसाला देतात. आपण लिहितो ते मुलांसाठी की चादरींसाठी, ही शंका मला मनापासून छळायची.

गेल्या हिवाळ्यात जेऊरजवळच्या एका शाळेनं बोलावलं. मुख्याध्यापकांनी खांद्यावर चादर घातली आणि मोठ्या अभिमानानं काचेचं कपाट दाखवलं. आत माझी सगळी पुस्तकं होती, प्लास्टिकची कव्हरं घातलेली, कुलपात.

"बघा सर, एकावर डाग नाही! पोरांच्या हातात दिली की वाट लावतात."

मी त्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार?

बाहेर व्हरांड्यात तीन-चार पोरी एका पुस्तकावर ओणव्या झाल्या होत्या. मुखपृष्ठ गेलेलं, पानं तेलकट. पाहतो तर माझंच, शेळीच्या गोष्टीचं पुस्तक!

"हे कपाटात कसं नाही?" मी विचारलं.

"फाटलंय की त्ये. म्हणून आमाला दिलंय," त्यातली एक म्हणाली.

शेवटचं पानही नव्हतं. तिथं वहीचा कागद डकवला होता. माझी शेळी शेवटी गुमान गोठ्यात परतते. यांची शेळी एस.टी.त खिडकीशी बसून माढ्याला निघाली होती. मला इतका आनंद झाला की मी तिथंच फरशीवर बसकण मारली.

"ही गोष्ट माझी आहे," मी म्हणालो.

त्या पोरीनं मला चादरीसकट न्याहाळलं. "न्हाय ओ. तुमी पाव्हणं हायसा. गोष्ट आमची हाय."

निघताना मुख्याध्यापकांनी कपाटासाठी माझं नवं पुस्तक मागितलं. मी पिशवीतून कोरी प्रत काढली. माझ्या नावाचं मुखपृष्ठ टर्रकन फाडलं, शेवटचं पानही फाडलं, आणि मग ती त्यांच्या हातात दिली.