आठ वर्षं उशिरा घेतलेली आण

मी जन्मात एकदाच शपथ घेतली, आणि तीही आठ वर्षं उशिरा. त्याआधी गळ्याशपथ नाही, आईशपथ नाही, शाळेत पोरं म्हणतात ती विद्येची शपथसुद्धा नाही. हे मी लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगायची.

वडील नगरकडच्या एका खेड्यात चर्चचे उपदेशक होते. शपथ वाहूच नका, माणसाचं साधं हो आणि साधं नाही पुरे झालं पाहिजे, असं प्रभूनं सांगितलंय, हे त्यांनी आम्हा भावंडांच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलं होतं. खेळताना तोंडातून आईशपथ निघाली की त्या दिवशी जेवण बंद. वडील म्हणायचे, ज्याला शपथ लागते तो एरवी खोटं बोलतो. मला हे फार पटायचं. मला लहानपणापासून बरोबर असायची हौस आहे.

दुष्काळ सरला त्या साली जिल्हा परिषदेची नोकरी लागली आणि मी हिंगणीच्या पुढं, धरणाकडच्या एका लहान गावात शिक्षिका म्हणून आले. गावात ख्रिस्ती मी एकटी. चर्च वर्ध्याला, तिथं महिन्यातून एकदा एस.टी.नं जायची. बाकीचे रविवार मी घरातच उपासना करायची. बायबल वाचायची, प्रार्थना करायची आणि उभं राहून गीत म्हणायची. एकटीनं गीत म्हणण्याइतकं ओशाळवाणं काही नाही. पहिली ओळ आपण म्हणतो आणि दुसरी उचलायला कुणी नसतं, म्हणून तीही आपणच म्हणतो. कितीतरी रविवारी माझं गीत अर्ध्यातच रडण्यात गेलं.

ते ऐकून एकदा शेजारची वैनी दारात आली. हातात तूर भरलेलं, पाखडायचं सूप होतं. म्हणाली, "बाई, तुमचा देव बहिरा हाय काय? इतक्या जोऱ्यानं काऊन म्हणता?" आणि उंबऱ्यावर बसून तूर निवडायला लागली. त्यानंतर ती दर रविवारी यायची. उपासना चालू असताना आत कधी आली नाही, उठूनही कधी गेली नाही.

वैनी विधवा होती, मूलबाळ नव्हतं. धाकटा दीर त्याच घराच्या दुसऱ्या भागात राहायचा. वावर सामाईक. वैनी घरात होती तोवर अर्धं तिचं होतं, आणि हे दिराच्या डोळ्यांत सलायचं. गावात कुणीही सांगितलं असतं.

दुसऱ्या नाताळात मी करंज्या केल्या. वैनीनं लाटायला मदत केली. शाळेतल्या पोरांना मी गोठ्यातल्या जन्माची गोष्ट सांगितली आणि एकेक करंजी दिली. झालं! बाई पोरांना बाटवते, अशी कुजबुज सुरू झाली आणि चार दिवसांत वर्ग ओस पडला. तक्रार वर गेली असती तर माझी नोकरी गेली असती. मी तीन दिवस उपास केला, गुडघे दुखेस्तोवर प्रार्थना केली. चौथ्या दिवशी पोरं परत आली. एक नाही, दोन नाही, सगळी. मी माझ्या वहीत लिहून ठेवलं: प्रभूनं ऐकलं.

पुढं आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात दिराच्या खळ्यातली कडब्याची गंजी जळाली. भर दुपारची वेळ. शाळा सकाळची होती, मी घरी होते आणि वैनी माझ्याकडं बसून आष्टीच्या भावाला पत्र लिहून घेत होती. आमचं पत्र 'तुझी तब्येत बरी असेल' इथवर आलं असताना बाहेर ओरडा झाला. आम्ही दोघी एकदमच धावलो. संध्याकाळपर्यंत दिरानं गावभर केलं की आग वैनीनं लावली.

दुसऱ्या दिवशी मातामायच्या निंबाखाली माणसं बसली. मातामाय म्हणजे गावची देवी, शेंदूर फासलेले तीन-चार दगड. त्या गावात पोलीस ठाण्यापेक्षा तिचा धाक जास्त होता. तिच्या दगडावर हात ठेवून माणूस जे बोलेल ते गाव मानायचं, मग त्यावर कुणी चकार शब्द काढायचं नाही. खोटी आण घेणाऱ्याचं घर माय बुडवते, असं सगळे मानायचे.

पोलीस पाटील आधी वैनीला म्हणाले, "ठेव हात आणि सांग."

वैनी जागची हलली नाही. "मी आग लावली नाई," एवढंच म्हणाली. "पण मी हात ठेवत नाई."

लोकांत चुळबुळ झाली. मला मात्र आतून काय आनंद झाला म्हणून सांगू! मला वाटलं, इतके रविवार उंबऱ्यावर बसून हिनं ऐकलेलं रुजलं. वडिलांना पत्रानं कळवायचं, असंही मी तिथल्या तिथं ठरवलं. इतकी मी शहाणी.

मग मी उभी राहिले आणि सांगितलं की गंजी पेटली तेव्हा वैनी माझ्या घरात होती. पाटील म्हणाले, "बाई, तुमी खोटं बोलान असं मी म्हणत नाई. पण तुमचा दोघींचा घरोबा हाय. तुमी आमच्या मायले मानत नाई, ठीक हाय. तुमचं पुस्तक आणा आणि त्याच्यावर हात ठेवून बोला. आमाले चालते."

आज विचार करते तेव्हा कळतं, केवढ्या मोठ्या मनाचं बोलणं होतं ते. माझ्या एकटीच्या देवाला त्यांनी आपल्या देवीच्या बरोबरीनं बसायला जागा दिली होती. आणि मी काय केलं? मी प्रवचन दिलं. याच पुस्तकात शपथ घेऊ नका असं लिहिलंय, माझा साधा शब्द पुरेसा आहे, नसेल तर तो तुमचा दोष, असं सगळं शाळेच्या आवाजात सांगितलं.

दीर म्हणाला, "मंग रोज सकाळी पोराइकडून हात पुढं करून प्रतिज्ञा म्हणून घेता, थे काय असते?"

"ते सरकारचं आहे," मी म्हणाले.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी वैनीकडं पाहिलं. ती माझ्याकडंच पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी घेईन असं तिला शेवटपर्यंत वाटत होतं, एवढं मला तेव्हाही दिसलं. पण मला माझे वडील दिसत होते, विश्वासासाठी छळ सोसलेली जुनी माणसं दिसत होती, आणि त्यांच्या रांगेत शेवटी मी.

गावानं काही निकाल दिला नाही. द्यायची गरजच नव्हती. जिच्यावर आळ तीही हात ठेवत नाही आणि जी साक्षीदार तीही नाही, मग उरलं काय? बायकांनी वैनीशी बोलणं टाकलं, विहिरीवर ती आली की बाजूला सरायच्या. दीड महिन्यात भाऊ आला आणि तिला आष्टीला घेऊन गेला. घर, वावर सगळं दिराकडं राहिलं. जाताना ती माझ्या दाराशी आली, सूप मला दिलं आणि म्हणाली, "तूर निवडून घेत जा, बाई. खडे असतात."

त्यानंतर पाच वर्षं मी त्या गावात काढली. लोक मला नमस्कार करायचे, पोरं शाळेत यायची, कुणी वाईट वागलं नाही. पण माझा शब्द कुणी मनावर घेत नव्हतं. ग्रामसभेत मी काही बोलले की लोक ऐकून घ्यायचे आणि पुढच्या विषयावर जायचे. रविवारी मी गीत म्हणायची, उंबरा रिकामा असायचा. हळूहळू मी उभं राहणं सोडलं, मग मोठ्यानं म्हणणं सोडलं. मी बरोबर होते आणि एकटी होते. बरोबर असण्याला इतकं एकटं का वाटावं, हा प्रश्न मी प्रभूला विचारत राहिले. उत्तर आलं नाही, म्हणजे मला ऐकू आलं नाही.

मग माझी बदली झाली. पुढं एकदा शिक्षकांच्या शिबिरासाठी आष्टीला जायचं आलं. शेवटचा दिवस बाजाराचा होता. सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या मांडून बसलेल्या दोन बायकांपैकी एक वैनी होती, दुसरी तिची भावजय.

"अव्वा, बाई," वैनी म्हणाली. "तुमी तं पार बुड्या झाल्या."

तिनं पोतं झटकून मला बसायला दिलं. आठ वर्षं मनात घोळवलेलं मी एका दमात बोलून टाकलं. "वैनी, त्या दिवशी मी आण घ्यायला पाहिजे होती. चुकलं माझं."

"जाऊ द्या न. तुमच्या देवानं तुमाले मना केलतं."

"पण तुम्ही तरी घ्यायची. तुमचं तर खरं होतं. माझं ऐकून तुम्ही उगीच..."

वैनी हसायला लागली. "तुमचं ऐकून? मी कायले तुमचं ऐकू? अवो बाई, मी मायले एकडाव खोटं बोलली होती. मंग कोणत्या तोंडानं अजून हात ठेवू?"

"कधी?"

"थ्या करंज्याइच्या वक्ती. गाव तुमाले हाकलाले निघालं होतं. मी मायवर हात ठेवून म्हटलं का पीठ माह्यं, तेल माह्यं, केल्या मी, बाईनं फक्त वाटल्या. तवा कुठं लेकरं शाळेत आली."

तीन दिवसांचा उपास, वहीतली ती ओळ, सगळं एकदम आठवलं. मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं तुमी निंबाखाली जाऊन खरं सांगून आल्या असत्या."

हे अगदी खरं होतं. मी तेच केलं असतं.

"गंजी जळाली आणि आळ माह्यावर आला, तवा मले वाटलं, मायनं वसूल केलं," ती जुडीची सुतळी आवळत म्हणाली. "मी म्हटलं, ठीक हाय. घेतलंच होतं न आपण अंगावर."

दुसऱ्याचं पाप कुणीतरी अंगावर घेतलं, हे मी पोरवयापासून ऐकत, वाचत, गात आले. त्यासाठी वर्ध्याला बसनं जात होते. आणि ते माझ्यासाठी कुणी केलंय हे मला आष्टीच्या बाजारात, पोत्यावर बसून कळलं.

भावजय माझ्याकडं न बघता म्हणाली, "काय ठाऊक बाई, कोनं काय केलं थे. आमच्या घरात तं अजून काडीची पेटी हिच्या हाती देत नाई."

वैनीनं मान खाली घातली. आठ वर्षं भावाच्या घरात तिला चूल पेटवू दिली नव्हती.

मी उठले. भर बाजारात वैनीच्या डोक्यावर हात ठेवला आणि भावजयीला म्हणाले, "माझ्या प्रभूची शपथ घेऊन सांगते, गंजी जळाली तेव्हा ही माझ्या घरात होती. तुमच्या नवऱ्याला पत्र लिहून घेत होती." आवाज इतका चढला की शेजारचा मिरचीवाला वळून पाहायला लागला.

भावजयीनं पाण्याचा हात जुड्यांवर फिरवला. "आता काय कामाचं, बाई," ती म्हणाली. वाईट बोलली नाही, जसं होतं तसं बोलली.

वैनी मला हात डोक्यावरून काढू देईना. तसाच धरून बसली. मग माझ्या पिशवीत दोन जुड्या कोंबल्या आणि म्हणाली, "जा, तुमची एस.टी. निंगन."

ती शपथ पाप होती की नाही, मला ठाऊक नाही. वडील असते तर जेवण बंद केलं असतं. त्या शपथेची क्षमा मी प्रभूकडं आजवर मागितलेली नाही. निंबाखाली न घेतलेलीची मागते, रोज.