सहावी पाकळी

सरांनी माझा कागद दोन बोटांनी उचलून वर्गाला दाखवला. जास्वंदीचं फूल. विज्ञानाची आकृती घरून काढून आणायची होती, दहा गुणांची. मला दोन.

"मेंढरं मोजता येतात ना रे तुला? मग पाच पाकळ्या मोजता येत नाहीत?"

वर्ग हसला. मी मान खाली घातली. पाकळ्या सहा काढल्या होत्या, चूक खरी होती.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं साल. बाप सांगोल्याकडं मेंढरं राखायचा. मी सोलापुरात मामाकडं राहून आठवीत शिकत होतो. मॅट्रिक झाला की कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात चिकटवू, असं मामा म्हणायचा. घरादाराचा डोळा त्यावर.

मग सरांनी कापड दुकानदाराच्या पोराचा कागद उचलला. आठ गुण. म्हणाले, आकृती अशी असते. बघतो तर माझंच फूल. आदल्या दिवशी त्यानं माझा कागद मागून घेतला होता, त्यावर आपला कागद ठेवून, खिडकीच्या काचेला लावून गिरवलं होतं. वर रंगपेटीतला लाल रंग.

मी उठलो. दोन्ही कागद घेतले, एकावर एक धरून काचेला लावले. रेघेवर रेघ बसली.

"सर, ह्याच्या पण सहाच हायेत की."

सर म्हणाले, "त्याच्या चित्रात टापटीप आहे."

"मग टापटिपीला किती गुण आन् पाकळीला किती, ते आदी फळ्यावर लिवा. पाकळीचे माझे कापा. त्याचे पण कापा."

बाहेर काढलं मला. बापाला बोलावलं. माफी मागितली तरच परीक्षेला बसता येईल म्हणाले. बाप खांद्यावर घोंगडं घेऊन आला, वहाणा दाराबाहेर काढल्या. सर खुर्चीत पाय पुढं करून बसलेले.

"पाया पड लेकरा. शाळा जाईल."

न्हाय पडलो. सहाव्या पाकळीसाठी कान धरले असते, ती चूक माझी होती. दोन आणि आठसाठी का वाकू?

शाळा गेली. कुर्डुवाडी गेली. बाप लई दिवस बोलला नाही माझ्याशी.

आता गावच्या शाळेच्या समितीवर हाय. सही अजून वाकडीच येते. विज्ञान प्रदर्शन आलं की मास्तर म्हणतात, आजोबा, तुम्ही बसा, नंबर आम्ही काढतो. बघितलं की कळतं म्हणतात. तसंच बघून त्या सरांनाही कळलं होतं. मी खडू पुढं करतो. कशाला किती गुण, आधी फळ्यावर. तोवर नंबराच्या कागदावर माझी सही न्हाय. पुढच्या साली नातू चित्र घेऊन उभा राहणार हाय. गुण फळ्यावर लिवल्याबिगर त्याच्या नंबराच्या कागदावर पण सही न्हाय.